कलम सात

पॅरिसच्या पाकिटात दोन गोष्टी होत्या:
करार, आणि कंपनीचा इतिहास, गुळगुळीत, चोवीस पानी.
तात्या कंग्राळकरांनी इतिहास माझ्यापुढं सरकवला.
"वाच गे. सोयरीक करायची तर
घराणं नको का बघायला?"

प्रूफं बाजूला सारून वाचत गेले, अडखळत:
लियाँ शहरात, रेशमाच्या मागांच्या गल्लीत
एक विधवा पंचांगं शिवायची.
मुलगा ती हातगाडीवर विकायचा.
"म्हणजे शहापूरच की हे,"
मशीन पुसता पुसता बसवणेप्पा म्हणाला.

मग दुकान. मग पॅरिस.
मग शाळेची पुस्तकं, बोटी भरभरून,
आफ्रिकेला, इंडोचायनाला;
तिथल्या पोरांनी कधी न बघितलेल्या
बर्फाची कविता पाठ केली.
या पानावर फोटो मोठा, मजकूर दोन ओळी.
"इथं काहीतरी गिळलंय," तात्या म्हणाले.
प्रूफरीडर मी; चूक त्यांनी पकडली.

मग युद्ध, कागदाचा दुष्काळ,
मग एक नातू, ज्यानं नऊ कंपन्या विकत घेतल्या.
आणि मग अस्वल.
झोप न येणारं अस्वल, एकतीस भाषांत.
युक्ती साधी: निळी, लाल, पिवळी प्लेट
सगळ्या जगाला एकच.
भाषेपुरती बदलायची ती फक्त काळी.

शेवटी नकाशा, ठिपक्यांचा.
मुंबईला एक. बंगळूरला एक.
मधल्या कोऱ्या जागेवर तात्यांनी तळवा फिरवला,
पोट दुखणाऱ्या पोराच्या पोटावर फिरवतात तसा.
"इथं आपण."

आता करार. कलम सात, प्रदेश:
मराठी आवृत्ती महाराष्ट्रात विकावी.
कन्नड आवृत्ती कर्नाटकात.

मशीन बंदच होतं, तरी थांबल्यासारखं वाटलं.
म्हणजे मराठी अस्वल
शहापुरात छापायचं, शहापुरात शिवायचं,
आणि कोगनोळी नाक्यापलीकडं नेऊन विकायचं.
आमच्या दारावरनं शाळेला जाणाऱ्या पोरीला
नुसतं दाखवायचंसुद्धा नाही.

"त्यांची काय चूक," बसवणेप्पा म्हणाला,
"नकाशा बघून लिवलंय त्यांनी."
"सगळेच नकाशा बघून लिवतात रे," तात्या म्हणाले.

रात्री त्यांनी पत्र लिहिलं, अकरा पानं.
त्यात मोर्चे होते, आयोग होते, कोर्टातल्या तारखा,
पाटीवरच्या अक्षरांची उंची, इंचात.
मी लाल शाईनं सगळं काढलं.
उरलं एवढंच:
आमच्या गल्लीत मराठी वाचणारी मुलं राहतात.
कृपया प्रदेश वाढवावा.

उलट मेल आला: किती?

खरंच, किती?
खानापूर सांगायचं? निपाणी? येळ्ळूर?
त्यांच्या यादीत राज्यं होती, तालुके नव्हते.
चौथ्या मेलला तिकडची बाई कंटाळली बहुतेक.
तिनं लिहिलं, एकच पर्याय उरतो: जग.

एका गल्लीसाठी आम्ही जग मागितलं
आणि ते दुपारी चारच्या आत मिळालं.
तात्यांनी लगोलग कन्नडलाही मागून घेतलं.
"जतला याचे पावणे हाईत,
त्यांच्या पोरांनी काय करायचं?"

मार्गशीर्षात छापलं.
रंग एकदाच चढले. काळी प्लेट दोनदा.
कन्नडात अस्वलाला करडी म्हणतात;
चित्रातलं आहे तपकिरी.
मी दोन्ही फर्मे शेजारी ठेवून बघत होते:
तेच डोळे, तेच उघडे,
आणि खाली कुणी काय सांगतंय
याचा त्याला पत्ता नाही.

नकाशा आता कटिंग मशीनच्या वर चिकटवलाय.
ठिपका बसवणेप्पानं दिला, छपाईच्या लाल शाईचा;
फार जाड दिला, वाळतच नाही,
येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाहीला लागतो.

हक्क जगभरचे.
अकराशेतल्या सहाशे सत्तर प्रती अजून माळ्यावर.
उंदरांचं औषध आणायला हवं.